डोंगरात तात्पुरत्या निवाऱ्यासाठी जागा निवडताना

डोंगरात आयती सपाट जागा दिसली की ती कुणी सपाट केली हे आधी शोधा. बहुतेक वेळा उत्तर तीनपैकी एक असतं: ओढा, जुनी दरड किंवा माणूस.

ओढा दरीतून बाहेर पडतो तिथली पंख्यासारखी पसरलेली, हलक्या उताराची जमीन तंबूंना फार सोयीची वाटते. धोका तिथेच सर्वांत जास्त. हातभर खड्डा खणून बघा. थर वेगळे न दिसता गोटे, वाळू, चिखल सगळं एकात एक कालवलेलं असेल आणि मोठे दगड मातीत अधांतरी रुतलेले असतील, तर चिखल-दगडांचा लोंढा इथवर येऊन गेलाय. ओढा आज कोरडा आहे म्हणून जागा घेऊ नका.

मग वरच्या उतारावर स्वतः चढून जा. खालून बघून अंदाज बांधणं म्हणजे पाहणी नव्हे. उताराला आडव्या गेलेल्या भेगा, बुंध्याशी वाकून पुन्हा सरळ वाढलेली झाडं, नव्याने पाझरू लागलेलं पाणी, यांतलं काहीही दिसलं तर जागा सोडा. भूकंपानंतर तर दुप्पट सावध राहा, कारण खिळखिळा झालेला उतार पुढच्या पावसात खाली येतो. बर्फाच्या प्रदेशात जंगलातून सरळ खाली उतरणारा झाडांविना पट्टा म्हणजे हिमस्खलनाची वाट.

अंतरासाठी जपानमधला नियम कामाचा आहे. 30 अंशांहून तीव्र आणि 5 मीटरहून उंच उताराच्या पायथ्यापासून उंचीच्या दुप्पट (कमाल 50 मीटर), तर माथ्याच्या कडेपासून 10 मीटर पट्टा तिथे धोक्याचा धरतात. म्हणजे 12 मीटर उतार असेल तर पायथ्यापासून 24 मीटर. सुट्या दगडांना मात्र हा हिशेब लागू नाही. सर्वांत लांब घरंगळलेला दगड शोधा आणि त्याच्याही पलीकडे राहा.

शाळेचं मैदान सुरक्षितच, असं गृहीत धरू नका. डोंगर कापून केलेल्या मैदानाची दरीकडची बाजू भरावाची असते आणि ती खचते. डोंगराकडच्या बाजूला कापलेली उभी भिंत असते. जागा पुरत असेल तर तंबू मधे लावा.

मानवतावादी मदतीच्या स्फिअर मानकांनुसार वसाहतीला माणशी 45 चौरस मीटर जागा लागते. 500 जणांना सव्वादोन हेक्टर! डोंगरात एवढा निर्धोक तुकडा सहसा मिळत नाही, तेव्हा चार लहान वस्त्या करा. एका मोठ्या वस्तीच्या हट्टापायी वाईट जमीन घेऊ नका. उतार 1 ते 5 टक्के हवा. पारदर्शक नळीत पाणी भरून 10 मीटरवर पातळी मोजा: फरक 10 ते 50 सेंटीमीटर यावा. त्याहून कमी असेल तर पाणी तुंबतं. शौचालयं पाण्याच्या स्रोतापासून किमान 30 मीटर लांब आणि त्याच्या खालच्या अंगाला.

खरी गडबड लोक राहायला आल्यावर होते. जागा वाढवायला कुणीतरी मागचा उतार पायथ्याशी खणतं आणि वरच्या मातीचा आधारच जातो. तिथे फावडं लागू देऊ नका. वस्तीच्या वर चर काढा, पण त्याचं पाणी पक्क्या नाल्यात सोडा, खालच्या उतारावर नको.

पावसात ओढ्याचं पाणी अचानक आटलं किंवा गढूळ झालं, तर वर कुठेतरी दरड पडून पाणी अडल्याची शक्यता असते. लगेच निघा, आणि ओढ्याच्या दिशेने खाली न पळता त्याच्यापासून बाजूला, उंचावर जा. ही वाट पहिल्याच दिवशी सगळ्यांना चालवून दाखवा आणि रात्रीच्या पहाऱ्याला शिट्टी द्या.