लेथच्या पटाशीला धार लावण्याआधी मार्कर फासा

सुट्टीतल्या लाकूड कातकामाच्या (लेथवर लाकूड फिरवत ठेवून पटाशीने आकार देण्याच्या) शिबिरात पटाशी लोण्यासारखी चालते, कारण सरांनी ग्राइंडरचा टेकू (पटाशी टेकवायचा आधार) आधीच नेमका लावलेला असतो. घरी तीच पटाशी ग्राइंडरला लावली की धारेचा कोन बदलतो आणि महागडं पोलाद फुकट झिजतं.

यावर साधा काळा परमनंट मार्कर पुरतो:

१. धारेमागच्या संपूर्ण उतारावर मार्कर फासा.
२. ग्राइंडरचा प्लग काढा. पटाशी टेकूवर ठेवून चाकाला हलकेच टेकवा आणि चाक हातानेच थोडं फिरवा.
३. शाई कुठे खरवडली ते उजेडात बघा. फक्त धारेपाशी गेली असेल तर कोन बोथट होणार. फक्त मागच्या कडेला गेली तर धारेला चाक लागतच नाहीये. टेकू किंचित कलता करा, पुन्हा शाई, पुन्हा तपासणी.
४. शाई उताराच्या मधोमध किंवा पूर्ण रुंदीभर निघाली की कोन जुळला. (घरचं चाक सहा इंची आणि शिबिरातलं आठ इंची असेल, तर सुरुवातीला मधोमधच निघेल. चालतं.)

मग सुरक्षा चष्मा लावून ग्राइंडर चालू करा. एक-दोन हलक्या फेऱ्या बास. दाबायचं अजिबात नाही.

पटाशी जुन्या कार्बन पोलादाची असेल तर मधूनमधून पाण्यात बुडवा. टोक निळं पडलं की तेवढ्या भागाचं पाणी (म्हणजे पोलादाचा कडकपणा) उतरलं, तिथे धार टिकणार नाही. हायस्पीड स्टीलची मात्र गरम असताना पाण्यात घालू नका, बारीक तडे जाऊ शकतात.