युरोपियमचा लाल उजेड परत आणला तो असा

सच्छिद्र सिलिकात युरोपियम (लाल चमकणारा एक दुर्मिळ मृदा धातू) भरलं, ३९४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धरलं, तर पूड नुसती फिकट गुलाबी. वर्णपटातली ६१५ नॅनोमीटरच्या आसपासची लाल रेषा अगदी मरतुकडी. युरोपियम कमी पडलं असेल म्हणून दुप्पट घातलं. ढिम्म फरक नाही, माल मात्र वाया.

खरा चोर पाणी. युरोपियमच्या आयनाला (विद्युतभारित अणूला) चिकटलेलं पाणी आणि छिद्रांच्या भिंतींवरचे सिलॅनॉल गट (सिलिकॉनला जोडलेले ओ-एच), दोन्हींतले ऑक्सिजन-हायड्रोजनचे ओ-एच बंध कंप पावतात आणि युरोपियमला मिळालेली ऊर्जा उष्णतेत उधळून टाकतात.

मग हे ओ-एच घालवायला पूड ८०० अंश सेल्सियसला भाजली, मिनिटाला २ अंश चढवत. छिद्रं थोडी आकसली, पण मला उजेडाशी मतलब. गार होताच कुपी घट्ट बंद, नाहीतर पूड हवेतली ओल पुन्हा पिते. या खेपेला दिव्याखाली लालभडक! दीप्तीचा आयुःकाल (उत्तेजन थांबल्यावर उजेड किती वेळ टिकतो ते) आधी ०.३ मिलिसेकंदही भरत नव्हता, आता १च्या पुढे.