मोडेम बदलताय? आधी या चुका टाळा

प्लॅन २०० एमबीपीएसचा, आणि बेडरूममध्ये मोबाईलवर स्पीड ३०-३५ च्या वर जायला तयार नाही. मग काय, ऑनलाइन सेल लागला की चार अँटेनावाला राऊटर मागवायचा, आणि तो लावल्यावरही ३५ च. कारण अडतंय कुठे ते न बघताच खरेदी झालेली असते.

आधी डबा कुठला ते ओळखा. फायबरची बारीक वायर ज्यात घुसते तो ओएनटी, कोणी ओएनयू म्हणतं, वायरमन आणि आपण सगळे मोडेमच म्हणतो. वायफाय सोडणारा तो राऊटर. आजकाल बहुतेक घरांत दोन्ही एकाच डब्यात असतात म्हणून घोळ होतो. ओएनटी सहसा कंपनीच्या सिस्टिममध्ये त्याच्या नंबरावर रजिस्टर असतो, त्यामुळे सेकंडहँड स्वस्तात मिळाला म्हणून उचलून आणला आणि जोडला असं चालत नाही, पॉवरचा लाइट छान लागतो आणि नेट शून्य. शिवाय फायबरवरून नेट पाठवायच्या पद्धती वेगवेगळ्या, काही ऑपरेटर जीपॉनवर चालतात, काही ईपॉनवर, एकाचा डबा दुसऱ्याला चालेलच असं नाही. एक्सपॉन लिहिलेला दोन्हीवर चालतो, पण तोही घ्यायच्या आधी ऑपरेटरला विचारा की बाहेरचा डबा रजिस्टर करून देणार का. नाही म्हणाला तर विषयच संपला, ओएनटी त्यांचाच ठेवायचा आणि पैसे घालायचे तर राऊटरवर घालायचे. आणि हो, लँडलाइनच्या जमान्यातला एडीएसएल मोडेम राऊटर फायबरला उपयोगाचा नाही, त्याला फोनची पिन लागते. वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात तो अजूनही नुसता 'वायफाय मोडेम' म्हणून विकतात, फोटोत मागची पोर्ट, म्हणजे केबल घालायच्या खाचा, बघून घ्या.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट, लॅन केबल. लॅपटॉप थेट केबलने ओएनटीला जोडा आणि स्पीड टेस्ट मारा. २०० च्या प्लॅनवर आकडा ९४-९५ ला येऊन चिकटला आणि कितीही वेळा केलं तरी हलत नसेल तर समजा कुठेतरी १०० एमबीपीएसचं पोर्ट किंवा केबल आडवी आलीय. स्वस्तातल्या भरपूर ओएनटी आणि राऊटरना आजही १०० चीच पोर्ट असतात, खोक्यावर मोठ्या अक्षरात १२०० लिहिलेलं असलं तरी. तो आकडा वायफायच्या दोन बँडची, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरींची, बेरीज असते, पोर्टचा त्याच्याशी काही संबंध नाही, गिगाबिट (म्हणजे १००० एमबीपीएस) पोर्ट असं स्पष्ट लिहिलंय का तेवढं शोधा. आणि पोर्ट गिगाबिट असूनही ९५ च येतंय? मग केबलची पिन हातात घेऊन उजेडात धरा. आत आठ रंगीत तारा दिसल्या पाहिजेत. घाईत केबलला पिन बसवणारे (क्रिंप करणारे) कधीकधी चारच तारा बसवतात, १०० पर्यंत त्यावर चालून जातं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, गिगाबिटला मात्र आठही लागतात. एक तार आत तुटलेली असली तरी लिंक गपचूप १०० वर येऊ शकते. कॅट ५ई ची (गिगाबिटला चालणारी) तयार केबल लावून बघा, राऊटरपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

केबलवर स्पीड पूर्ण आणि वायफायवर नाही, असं असेल तरच राऊटरकडे बघा. त्यातही आधी फोन कुठल्या बँडवर आहे ते तपासा. २.४ गिगाहर्ट्झवर बिल्डिंगमधल्या सगळ्यांचे राऊटर एकमेकांवर ओरडत असतात, तिथे १, ६ आणि ११ हेच तीन चॅनल एकमेकांत न मिसळणारे, बाकी सगळी खिचडी. ५ गिगाहर्ट्झला स्पीड मिळतो पण आरसीसीची भिंत आडवी आली की जीव जातो. जुना, एन३०० लिहिलेला राऊटर फक्त २.४ चा असेल तर तो खुशाल बदला, ड्युअल बँड, म्हणजे दोन्ही बँडवाला घ्या. वायफाय ६ चा (वायफायच्या नंतरच्या पिढीचा) फायदा घरात बरीच डिव्हाइसेस असतील तर, आणि फोन-लॅपटॉप ते सपोर्ट करत असतील तर. स्मार्ट बल्ब आणि स्वस्त कॅमेरे सहसा २.४ च पकडतात, म्हणून तो बँड बंद करून टाकू नका. बाकी डबा टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटावर ठेवून रेंज नाही म्हणणाऱ्यांना काय सांगायचं!

स्वतःचा राऊटर लावल्यावर ओएनटीचं वायफायही चालूच राहतं, मग प्रिंटर एका नेटवर्कवर आणि फोन दुसऱ्यावर, दिसतच नाही एकमेकांना. एक तर ओएनटी ब्रिज मोडला टाकून घ्या (मग तो नुसती लाइन पुढे देतो, बाकी काम राऊटर करतो) किंवा राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडला (मग राऊटर नुसतं वायफाय सोडतो), आणि ओएनटीचं वायफाय बंद. ब्रिज करणार असाल तर पीपीपीओईचा (कनेक्शनच्या लॉगिनचा) युजरनेम पासवर्ड ऑपरेटरकडून आधी घेऊन ठेवा. गावच्या घराचा सीसीटीव्ही पोर्ट उघडून (म्हणजे राऊटरमध्ये बाहेरून आत यायची वाट ठेवून) पुण्यात बसून बघायचा म्हणून महागडा राऊटर घेणार असाल तर तिथल्या राऊटरच्या स्टेटस पेजवर वॅन आयपी (कंपनीकडून राऊटरला मिळालेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर कंपनीने एकच पब्लिक आयपी बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलेला आहे, राऊटर कुठलाही आणा, पोर्ट उघडणार नाही. स्टॅटिक आयपी (आपल्या एकट्याचा कायमचा पत्ता) घ्यावा लागेल किंवा कॅमेऱ्याचं क्लाउड ॲप वापरायचं.

ओएनटीवर एलओएसचा (लॉस ऑफ सिग्नल) लाल लाइट लागला तर रिसेटच्या भोकात टाचणी घालू नका. त्याचा अर्थ फायबरमधून उजेडच पोचत नाहीये, वायर सोफ्यामागे मुडपलीय का, हिरवी पिन सैल झालीय का ते बघा, नाहीतर बाहेर तुटलीय, तक्रार करा. रिसेटने लाइन जुळत नाही, उलट आतली सगळी सेटिंग पुसली जातात आणि लाइन आली तरी माणूस येईपर्यंत नेट नाही.

लाइट जाते म्हणून मिनी यूपीएस घेणार असाल तर अडॅप्टरवरचा व्होल्टेज वाचून घ्या. १२ व्होल्टचे डबे जास्त, पण ९ आणि ५ व्होल्टवालेही असतात, पिन मात्र बऱ्याचदा सारखीच बसते. ९ च्या राऊटरला १२ दिले तर नवा कोरा डबा जळू शकतो आणि वॉरंटीत तो कुणी घेत नाही.