स्लाइडवर काहीतरी खटकतंय? ग्रिड वापरताना या चुका टाळा

“काहीतरी खटकतंय, पण नेमकं काय ते कळत नाही.” मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी हे वाक्य मी कितीतरी जणांकडून ऐकलं आहे. मग फॉन्ट बदलून पाहिला जातो, निळ्याचा हिरवा होतो, कोपऱ्यात एखादा आयकॉन येऊन बसतो. खटकायचं ते खटकतच राहतं, कारण दोष बहुतेक वेळा कडांमध्ये असतो. शीर्षक एका रेषेवर सुरू होतं, मजकूर किंचित उजवीकडून, तक्ता किंचित डावीकडून. दोन कडांमध्ये चार सेंटिमीटरचा फरक असेल तर तो मुद्दाम ठेवलेला वाटतो. दोन मिलिमीटरचा असेल तर चुकून राहिलेला वाटतो, आणि डोळा तिथेच अडकतो.

टिंबांची जाळी म्हणजे ग्रिड नव्हे

पॉवरपॉइंटमध्ये शिफ्ट आणि एफ9 दाबलं की स्लाइडभर ठिपक्यांच्या रेषा उमटतात. अनेकांना वाटतं, झालं ग्रिडचं काम. पण त्या जाळीत वस्तू ठेवायला शेकडो जागा आहेत, त्यामुळे कुठे ठेवायची हा प्रश्न सुटतच नाही. लेआउट ग्रिड म्हणजे मोजके कॉलम, त्यांच्यामधली ठरलेली फट आणि चारही बाजूंचा समास. त्यासाठी लागतात गाइड्स, म्हणजे हव्या त्या जागी सरकवता येणाऱ्या मदतीच्या रेषा; त्या ऑल्ट आणि एफ9 दाबलं की दिसतात.

हिशेब एकदाच करायचा असतो. 16:9 ची नेहमीची स्लाइड 33.87 सेंमी रुंद असते. त्यात 2 सेंमीचे 12 कॉलम आणि मधे 0.6 सेंमीच्या 11 फटी धरल्या, तर 30.6 सेंमी होतात. उरलेल्या जागेत दोन्ही बाजूंना साधारण 1.63 सेंमीचा समास बसतो. पॉवरपॉइंट गाइडचं अंतर स्लाइडच्या मध्यापासून मोजतं, म्हणून समासाचे दोन गाइड्स डावीकडे आणि उजवीकडे 15.30 वर येतील. 12 कॉलम अशासाठी की त्याचे दोन, तीन, चार किंवा सहा सारखे भाग पडतात.

हे गाइड्स स्लाइड मास्टरमध्येच टाका, म्हणजे सगळ्या स्लाइड्स ज्यावरून आपली मांडणी घेतात त्या मूळ साच्यात. साध्या स्लाइडवर टाकले तर माउसचा जरा धक्का लागला तरी सरकतात, आणि तिसऱ्या दिवशी कोणता गाइड खरा हेच आठवत नाही. आणि मजकूर लिहायच्या आधी टाका. भरलेल्या स्लाइडवर नंतर ग्रिड बसवायला गेलं की माणूस वस्तूंच्या सोयीने गाइड सरकवू लागतो.

गाइडला चिकटवूनही ओळ जुळत नाही

या एका गोष्टीने लोकांचे सर्वाधिक तास खाल्ले आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एका तिमाही आढाव्याच्या स्लाइडवर फोटो आणि त्याखालचा मजकूर, दोन्ही एकाच गाइडला टेकवले होते. तरी अक्षरं फोटोच्या कडेपेक्षा थोडी आत दिसत होती. चौकट बाणाच्या कळीने डावीकडे ढकलली, तर ओळ जुळली पण चौकट गाइडच्या बाहेर गेली. पुढच्या स्लाइडवर तेच.

कारण साधं आहे. मजकुराच्या चौकटीला आतून डावी-उजवीकडे मुळातच 0.25 सेंमी जागा सोडलेली असते. चौकट गाइडवर असली तरी अक्षर गाइडवर नसतं. फॉरमॅट शेपमध्ये टेक्स्ट बॉक्सच्या पर्यायात डावा मार्जिन शून्य करा. मास्टरमधल्या शीर्षकाला आणि मुख्य मजकुरालाही हेच करा, म्हणजे सगळी स्लाइड एका रेषेत येईल. अपवाद एकच: चौकटीला रंग भरलेला असेल तर आतली जागा राहू द्या, नाहीतर अक्षरं कडेला घासतात.

अलाइनचं बटण दाबलं आणि सगळंच सरकलं

अलाइन लेफ्ट निवडलेल्या वस्तूंपैकी सगळ्यात डावीकडच्या वस्तूला प्रमाण मानतं. तीच ग्रिडबाहेर असेल तर बाकीच्याही बाहेर जातात. म्हणून आधी एक वस्तू गाइडवर नीट बसवा, मगच बटण दाबा. डिस्ट्रिब्यूटचंही तसंच. ते टोकाच्या दोन वस्तू जागच्या जागी ठेवून मधली अंतरं सारखी करतं, म्हणून आधी टोकं पक्की करा.

मात्र सगळीच अंतरं सारखी करू नका. चार आकडे आणि त्यांची चार नावं ओळीने मांडली, आणि आकडा ते नाव हे अंतर दोन गटांमधल्या अंतराएवढंच ठेवलं, तर कोणतं नाव कोणत्या आकड्याचं हे वाचणाऱ्याला शोधावं लागतं. जे एकत्र वाचायचं ते जवळ हवं, बाकीचं स्पष्टपणे दूर.

12 कॉलम आहेत म्हणून ते सगळे भरायचे नसतात. मला 6-6 ची विभागणी फारशी पटत नाही. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की आधी कुठे पाहायचं ते ठरत नाही. तक्ता महत्त्वाचा असेल तर त्याला 7 कॉलम द्या, म्हणजे 17.6 सेंमी. मजकुराला उरलेले 5 पुरतात. पुरत नसतील तर मजकूर कापा. ऑटोफिटवर सोडलं तर तो अक्षर बारीक करत जातो आणि प्रत्येक स्लाइडवर वेगळा आकार दिसू लागतो.

मराठी स्लाइडसाठी आणखी एक. इंग्रजी टेम्प्लेटमधलं ओळींचं अंतर आपल्याला अपुरं पडतं. वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीत शिरतो. अंतर वाढवा, पण मास्टरमध्ये. अरुंद कॉलममध्ये मजकूर जस्टिफाय करू नका, म्हणजे ओळी ताणून दोन्ही कडा सरळ करू नका; शब्दांमध्ये भगदाडं पडतात.

शेवटी डेक, म्हणजे सगळ्या स्लाइड्सचा संच, पूर्ण पडद्यावर लावून पेज डाउन पटपट दाबत जा. शीर्षक जिथे उडी मारेल ती स्लाइड उघडा आणि होम टॅबमधलं रीसेट दाबा. प्लेसहोल्डर, म्हणजे मास्टरने शीर्षकासाठी आखून दिलेली चौकट, मास्टरच्या जागेवर परत जाईल. गेला नाही, तर ते शीर्षक कोणीतरी साध्या टेक्स्ट बॉक्समध्ये लिहिलेलं आहे. लेआउट पुन्हा लावा, मजकूर कापून खऱ्या प्लेसहोल्डरमध्ये टाका आणि तो बॉक्स काढून टाका.