रोमन-केल्टिक मंदिरांवर लिहिताय? या चुका टाळा

रोमन-केल्टिक मंदिर म्हणजे रोमन अमलातल्या गॉल (आजचा फ्रान्स आणि आसपासचा भाग) आणि ब्रिटनमधलं, चौकोनी गाभारा आणि भोवती ओसरी असलेलं मंदिर. त्यावर लिहिताना सगळ्यात चिवट चूक म्हणजे स्थानिक केल्टिक आणि रोमन देवांच्या जोड्या लावून मोकळं होणं. ‘नोडेन्स म्हणजे मार्स, सुलिस म्हणजे मिनर्व्हा’ असा तक्ता केला की विषय संपला, असं नवख्यांना वाटतं. सीझरनेही गॉलमधले देव मर्क्युरी, अपोलो, मार्स असे रोमन नावांनीच नोंदवले. पण रोमन कवी ल्युकनच्या काव्यावरच्या जुन्या टिपांमध्ये गॉलचा देव ट्यूटाटेस एकदा मर्क्युरी ठरतो, एकदा मार्स; एसुसचंही तेच. मार्स हा रोमनांचा युद्धदेव, पण जर्मनीतल्या ट्रियरचा लेनुस मार्स तर रोग बरे करणारा. पॅरिसला 1711 मध्ये सापडलेल्या नावाड्यांच्या स्तंभावर रोमन ज्युपिटर, व्हल्कन आणि केल्टिक एसुस, सेर्नुनोस वेगवेगळे कोरलेत. शेजारी आहेत, एकरूप झालेले नाहीत.

म्हणून तक्ता देवांचा नको, शिलालेखांचा करा: ठिकाण, नावं कोरली आहेत तशी, काळ, आणि वाहणारा कोण. शेवटचा रकाना कंटाळा करून सोडणाऱ्यांच्या लेखात पुढचं काही वाचण्यासारखं नसतं. इंग्लंडमधल्या बाथला लौसेटियस मार्स आणि नेमेटोना यांना वेदी वाहणारा पेरेग्रिनुस हा ट्रियरकडचा, ट्रेव्हेरी जमातीचा. हे न पाहता त्या जोडीला बाथचे मूळ देव म्हणाल तर फसाल.

बाथचं मंदिर गाभारा आणि भोवती ओसरी या आराखड्याचा नमुना म्हणून देऊ नका. ते चार दर्शनी खांबांचं, रोमन धाटणीचं आहे.

स्टोनहेंज, म्हणजे इंग्लंडमधलं याहून कितीतरी जुनं शिलावर्तुळ, यात आणूच नका.

दुसरी मोठी चूक नाण्यांची. ग्लॉस्टरशरमधल्या लिडनीचं नोडेन्स मंदिर व्हीलर दांपत्याने 1928-29 मध्ये खणलं आणि नाण्यांवरून ते इ.स. 364 नंतरचं ठरवलं. त्यावर ‘ख्रिस्ती काळातलं मूर्तिपूजकांचं पुनरुज्जीवन’ असे इमले चढले. 1980-81 मध्ये पुन्हा खणल्यावर बांधकाम तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात गेलं. चौथ्या शतकातलं काम नूतनीकरणाचं निघालं. फरशीखालचं नाणं ती फरशी त्याआधीची नाही एवढंच सांगतं, भिंती कधी उठल्या ते नाही. व्हीलर म्हणजे 1944 ते 1948 भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक, थरांचं शास्त्र आपल्याकडे घोटून घेणारे मॉर्टिमर व्हीलर. त्यांची ही गत, तर संग्रहालयातल्या एका पाटीवरून शतक ठरवणाऱ्यांचं काय बोलावं? तारीख लिहिताना ती फरशीची, भिंतीची की दुरुस्तीची, हे शेजारी लिहाच.

आतल्या चौकोनी गाभाऱ्याभोवतीची ओसरी दिसली की मराठी माणूस लगेच प्रदक्षिणामार्ग म्हणतो. शक्यता आहे, पुरावा डळमळीत. ग्रीक लेखक पोसिडोनियसच्या मते केल्ट पूजेत उजवीकडे वळत. रोमन लेखक प्लिनी गॉलचे लोक डावीकडे वळतात म्हणतो. ‘फिरण्याची किंवा थांबण्याची ओसरी’ इतकंच लिहा.

आणि फ्रान्समधल्या ओतँच्या ‘जेनस मंदिरा’चा जेनस या रोमन देवाशी संबंध नाही.