पुराची रेघ कापडात: गावातल्या जागेत इन्स्टॉलेशन कसं उभं करायचं

सांगलीत नदीकडच्या कुठल्याही गल्लीत जाऊन विचारा, २०१९ ला पाणी कुठवर आलतं? समोरचा माणूस आकडा सांगत नाही, हात वर करतो. भिंतीवर तळहात ठेवतो आणि म्हणतो, हितवर. कुणाचा हात कमरेला, कुणाचा डोक्याच्या वर, आणि एकजण तर आम्हाला जिन्यात घेऊन गेला आणि अकराव्या पायरीवर जाऊन उभा राहिला. आमचं इन्स्टॉलेशन, म्हणजे जागेतच उभं केलेलं, चालत बघायचं कलाकाम, त्या हातांतनं निघालं. घाटाकडं उतरणारी १२० फुटांची एक पायवाट, तिच्या दोन्ही कडांनी पुराच्या पातळीला दोरी, आणि त्या दोरीवरनं हळदीत रंगवलेल्या कापडाच्या पट्ट्या खाली सोडलेल्या. दोरी एका पातळीत सरळ जाते, वाट मात्र उतरत जाते, त्यामुळं वरच्या टोकाला पट्टी ४ फुटांची आणि नदीकडं ११ फुटांची. चालत गेलं की पाणी कुठं छातीला लागलं, कुठं डोक्यावरनं गेलं ते अंगालाच कळतं, पाटी लावायची गरज पडत नाही.

असं काहीतरी तुमच्या गावात करायचं असेल तर आम्ही कसं केलं ते सांगतो.

आधी जागा, कल्पना नंतर

बरेच जण घरी बसून आधी स्केच काढतात आणि मग ते ठेवायला जागा शोधत फिरतात. तसं करू नका. जागा ठरवा आणि तिथं निदान आठवडाभर रोज वेगवेगळ्या वेळी जाऊन बसा, पहाटे, दुपारी दोनला, संध्याकाळी, बाजाराच्या दिवशी. वहीत लिहा की लोक कुठनं चालतात, सावली कुठं पडते, गाड्या कुठं लावतात, गुरं कुठनं जातात, पोरं कुठं क्रिकेट खेळतात, वारा कुठनं येतो. आम्हाला चौथ्या दिवशी कळलं की आम्ही निवडलेल्या कोपऱ्यात रोज सकाळी दोन बायका धुणं वाळत घालतात, मग तो कोपरा सोडला. त्यांची जागा घेऊन त्यांच्याच पुराबद्दल काम करायचं हे आम्हाला पटलं नाही.

जागेला स्वतःचं काय आहे ते बघा. सांगलीला नदी आहे, हळद आहे, हरिपूरची जमिनीखालची हळदीची पेवं आहेत. मिरजेला तंतुवाद्यं आहेत, नुसत्या वाळलेल्या भोपळ्यांतनं केवढं काम होईल. साताऱ्याकडं लिंबगावची बारा मोटेची विहीर आहे. या सगळ्यात इतकं साहित्य पडलंय की बाहेरनं कल्पना आणायची गरजच नाही.

लोकांना विचारा, आणि नको म्हणाले तर ऐका

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळ खातो आणि तो खाऊ द्या. आमच्या मनात पहिल्यांदा वाटेवर एक होडी टांगायची होती, दिसायला भारी दिसली असती. एका आजींनी ऐकलं आणि म्हणाल्या, "होडी नगं बाबा, ब्रह्मनाळची होडी अजून डोळ्यांसमोरनं जात नाही." त्या महापुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. आम्ही होडीची कल्पना त्याच दिवशी काढून टाकली. पुराचं काम करताना हे लक्षात ठेवा, ज्याला तुम्ही प्रतीक म्हणताय ते कुणाच्यातरी घरातलं दुःख असू शकतं.

न विचारता केलं की काय होतं याचं मोठं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. रिचर्ड सेरा या मोठ्या शिल्पकाराची 'टिल्टेड आर्क' नावाची १२० फूट लांब, १२ फूट उंच लोखंडी भिंत १९८१ मध्ये सरकारी ऑफिसांच्या चौकात उभी राहिली. तिथं काम करणाऱ्यांना रोज वळसा घालावा लागायचा, तक्रारी झाल्या, सुनावणी झाली, शेवटी १९८९ मध्ये ती काढली. शिल्प म्हणून ते दमदार होतं असं मला आजही वाटतं, पण रोज तिथनं जाणारा माणूस त्यात कुठंच नव्हता.

विचारायचं म्हणजे मीटिंग घ्यायची नाही. मीटिंगला चारच माणसं येतात आणि तीच बोलतात. चहाच्या गाड्यावर, देवळाच्या कट्ट्यावर, दारात बसून बोला. आणि "तुम्हाला काय पाहिजे" असं विचारू नका, "इथं काय झालं होतं" असं विचारा.

पातळी कशी काढायची

इथं जरा सावकाश वाचा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पण हे फूट पुलाच्या मोजपट्टीवरचे, तुमच्या रस्त्यावरचे नाहीत. ५७ फूट म्हणजे तुमच्या दारात ५७ फूट पाणी नव्हे. शिवाय वाहत्या नदीचं पाणी लांब अंतरात सपाट नसतं, त्याला थोडा उतार असतो, म्हणून पुलावरची पातळी उचलून दोन किलोमीटरवर लावली तर ती खोटी ठरते. तुमच्या जागेच्या अगदी जवळचं, भिंतीवर डाग राहिलेलं घर शोधा आणि तिथनं पातळी आणा. दोन-तीन घरांचे डाग जुळतात का बघा. एकाच घराचा डाग चुकीचा असू शकतो, कारण आत कोंडलेलं पाणी बाहेरच्यापेक्षा हळू उतरतं आणि उतरताना पण रेघा सोडतं, सगळ्यात वरची रेघ तीच खरी.

पातळी आणायला गवंड्याची लेव्हल पाईप पुरते. पारदर्शक पाईप पाण्यानं भरायची, एक टोक डागाला, दुसरं टोक पुढच्या बांबूला, दोन्हीकडचं पाणी थांबलं की खूण करायची. पाईपमध्ये एक बुडबुडा राहिला तरी खूण चुकते, म्हणून भरताना एक टोक खाली धरून सगळी हवा काढून टाका, आणि उन्हात पडलेली पाईप वापरू नका, एकीकडचं पाणी तापलं की फरक पडतो. अंतर जास्त असेल तर ओळखीच्या सिव्हिल इंजिनिअरला ऑटो लेव्हल (पातळी बघायची दुर्बीण) घेऊन बोलवा, तासाभराचं काम आहे. आमच्या शेजारच्या गवंड्यानंच सगळ्या खुणा केल्या, आणि त्याच्या स्वतःच्या घराचा डाग आमच्या रेघेशी जुळला तेव्हा तो बराच वेळ काही बोललाच नाही.

परवानग्या

जागा कुणाची ते आधी काढा. रस्ता आणि बाग महापालिकेची, नदीकाठ पाटबंधारेचा, देवळाची जागा ट्रस्टची असू शकते. नदीकाठाला निळी रेषा आणि लाल रेषा असतात, साधारण २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत पक्कं काही उभं करायचा विचारच नको, तात्पुरतं आणि काढता येणारंच करा आणि अर्जात तसं स्पष्ट लिहा.

अर्जाला जागेचा हातानं काढलेला नकाशा, फोटो, कधी उभारणार आणि कधी काढणार त्या तारखा, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सहीचं पत्र जोडा. काढायची तारीख लिहिली की समोरच्याचा अर्धा विरोध मावळतो. पोलीस ठाण्याला आणि वाहतूक शाखेला प्रत द्या. वरनं वायर जात असेल तर महावितरणला विचारल्याशिवाय बांबू उभा करू नका. झाडाला खिळा मारायचा नाही, दोरी बांधायची तरी उद्यान विभागाला विचारून. भिंतीवर रंगवणार असाल तर मालकाची लेखी संमती घ्या, मालमत्ता विद्रूपणाचा १९९५ चा कायदा आहे. आणि प्रत्येक कागदाची पोच घ्या, आवक नंबरासकट. एका कार्यालयात आमचा अर्ज तीन आठवडे नुसता पडून होता, आणि आमच्याकडं नंबर नसल्यानं तो दिलाय हेच सिद्ध होईना, परत पहिल्यापासनं.

वेळ लागतो म्हणून खचू नका. क्रिस्तो आणि जान-क्लोद या कलाकार जोडप्यानं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात केशरी कापडाच्या ७,५०३ कमानी लावल्या त्या २००५ मध्ये, फक्त १६ दिवसांसाठी, आणि त्याचा विचार सुरू झाला होता १९७९ मध्ये.

कापड आणि हळद

विट्याकडं यंत्रमागावर निघणारं साधं सुती कापड घेतलं, मांजरपाटासारखं. कोरं कापड तसंच रंगात टाकू नका, त्याला खळ असते, सोडा घालून उकळून धुवा, नाहीतर रंग ठिपक्याठिपक्यांनी धरतो. मग तुरटीच्या पाण्यात रात्रभर ठेवा. आमचं प्रमाण कोरड्या १ किलो कापडाला १५० ग्रॅम तुरटी आणि २५० ग्रॅम हळदपूड असं होतं, तासभर मंद आचेवर, स्टीलच्या पातेल्यात. लोखंडी कढई वापरू नका, रंग काळपटतो. हळद स्वयंपाकाचीच पाहिजे असं काही नाही, खालच्या प्रतीची पण चालते, मार्केट यार्डात ओळख असेल तर स्वस्तात मिळते.

हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, तुरटी लावली तरी नाही. आठवड्यात उडायला लागतो, तीन आठवड्यांत पट्टी जवळपास पांढरी होते. ज्याला टिकाऊ काम पाहिजे त्यानं हळद घेऊच नये. आम्ही ती मुद्दाम घेतली, कारण भिंतीवरचे डाग असेच उडत चाललेत, लोक रंग देतात, पुन्हा घर लावतात. आणि अजून एक, हळदीला क्षार लागला की ती लाल होते, कुंकू तसंच तर करतात. त्यामुळं पट्ट्या साबणाच्या पाण्यानं धुतल्या की तांबडे डाग पडतात. आम्ही वरच्या काठाला मुद्दाम चुन्याच्या निवळीचं बोट फिरवलं, रेघेवर बारीक लाल किनार आली. ती कल्पना रंगवायला आलेल्या एका मावशींची.

वारा

जीव जातो तो इथं, म्हणून हे टाळू नका. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ७२ किलोमीटरचा वारा ताणून बांधलेल्या १० बाय १० फुटांच्या कापडावर साधारण सव्वादोनशे किलोनं ढकलतो, आणि एप्रिल-मेचा वळीव सांगून येत नाही. म्हणून अखंड कापड नको, चार-चार इंचांच्या पट्ट्या करा, खालनं मोकळ्या ठेवा, त्या वाऱ्याबरोबर उडतात, वारा अडवत नाहीत.

खड्डे आम्ही घेतले नाहीत, खाली ड्रेनेज, पाण्याची लाईन, केबल, काय असेल सांगता येत नाही. सेंट्रल पार्कातल्या त्या कमानी पण जमिनीत भोक न पाडता जड लोखंडी पायांवर उभ्या होत्या. आम्ही २०० लिटरचे पत्र्याचे ड्रम अर्धे कापून त्यात बांबू आणि वाळू भरली, १०० लिटर वाळू म्हणजे दीडशे-एकशेसाठ किलो. एवढं वजन आहे म्हणजे झालं असं वाटतं, पण हिशोब करून बघा. ड्रमच्या मध्यापासनं कडेपर्यंत १ फूट, म्हणजे १६० गुणिले १, आणि दोरी १० फुटांवर असेल तर भागिले १०, आले फक्त १६ किलो. वर १६ किलोची ओढ बसली की ड्रम कलंडला. म्हणून प्रत्येक बांबूला मागनं ताण, म्हणजे तिरकी ओढून बांधलेली दोरी, द्यायचाच, आणि समोरासमोरचे बांबू वरनं आडव्या बांबूनं जोडून चौकट करायची. मंडपवाल्यांना बोलवा, गाठी त्यांच्याइतक्या कुणाला येत नाहीत, पण इंजिनिअरचा हिशोब त्यांना दाखवा.

दोरी वाटेला आडवी कुठंच नको. ४ ते ६ फूट उंचीची आडवी दोरी म्हणजे गाडीवाल्याच्या गळ्याला. ताणाच्या दोऱ्यांना पण पांढरी फडकी बांधा, अंधारात दिसत नाहीत.

वाट आणि लाईट

चाकाची खुर्ची जाईल एवढी वाट मोकळी ठेवा. कुठं उंचवटा करावा लागला तर १ फूट चढाला १२ फूट लांबीचा उतार द्या. लाईट १२ व्होल्टची एलईडी घ्या, मेन कनेक्शनला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा, जोड जमिनीवर ठेवू नका. जवळ शेगडी, उदबत्ती, फटाके येणार असतील तर वाळूच्या बादल्या ठेवा, वाळलेला बांबू आणि सुती कापड दोन्ही भसाभस पेटतं.

उभं राहिलं की काम संपत नाही. रोज सकाळी एकानं सगळे ताण हातानं ओढून बघायचे, आमच्यात वार वाटून घेतले होते. ढग भरून आले की पट्ट्या गुंडाळून वर बांधायच्या, त्यासाठी दर दहा फुटांना सुतळी आधीच सोडून ठेवा. एका संध्याकाळी हेच करताना गल्लीतली पोरं न बोलवता धावत आली आणि पाच मिनिटांत सगळं बांधून झालं.

काढणं

बजेट करताना काढायचे पैसे पहिल्यांदा बाजूला ठेवा, टेम्पो, मजुरी, सगळं. आम्ही मेच्या तिसऱ्या आठवड्यात काढलं, पावसाआधी, कारण नदीकाठाला राहिलेली प्रत्येक वस्तू पुरात वाहून पुढं कुठंतरी अडकते. वाळू ज्याची त्याला परत, बांबू मंडपवाल्याला, ड्रम भंगारात. उभारणीआधी जसे फोटो काढले होते तसेच त्याच जागेवरनं परत काढा आणि अनामत रक्कम परत घेताना ते दाखवा.

पट्ट्या गल्लीतल्या लोकांनी मागून घेतल्या. रंग तर उडालाच होता, पण वरची लाल किनार शिल्लक होती. दोन-तीन घरांनी ती पट्टी आतल्या भिंतीला, आपापल्या डागाच्या उंचीवर खिळ्याला अडकवलीय.