मायक्रो क्रेडेन्शियल सुरू करताय? आधी या चुका टाळा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून आपल्याकडच्या कॉलेजांत लहान कोर्सची भाषा रुळली आहे. विदर्भातलं वणी असो, तुमसर असो की वरूड, प्राध्यापकांच्या बैठकीत कुणीतरी विचारतंच, ‘आपण मायक्रो क्रेडेन्शियल कधी सुरू करायचं?’ माझ्या मते ‘कधी’ हा नंतरचा प्रश्न आहे. हे प्रमाणपत्र पाहून कामावर कोण घेणार, हे आधी ठरवायला हवं. मायक्रो क्रेडेन्शियल म्हणजे एक नेमकं काम या माणसाला येतं, याचा तपासून दिलेला पुरावा. तो पुरावा कामाच्या जागी चालला नाही तर मुलांचा वेळ वाया जातो, आणि इथली मुलं हा वेळ घरच्या शेतीच्या कामातून काढून देत असतात.

कोर्स आधी ठरवणं, गरज मागून शोधणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. ज्या शिक्षकाकडे कार्यभार कमी, त्याच्या विषयाचा कोर्स काढायचा, मग ‘उद्योगाची मागणी’ म्हणून दोन पत्रं मिळवायची. पत्रं मिळतातही, कारण शिक्षकाला नाही म्हणायला लोकांना जड जातं.

मालकाला ‘तुम्हाला कशी मुलं हवीत?’ असं विचारलं की ‘प्रामाणिक, बोलणं चांगलं असलेली’ एवढंच उत्तर येतं. त्यावर अभ्यासक्रम उभा राहत नाही. त्याऐवजी विचारा, ‘मागच्या हंगामात कुठलं काम अडलं होतं? नवा माणूस पहिल्या आठवड्यात काय बिघडवतो?’ आणि एक पूर्ण पाळी तिथं थांबून काम बघा. आपल्याकडे मोठे कारखाने थोडे. काम देणारे म्हणजे जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना), राइस मिल, संत्र्याचं पॅकिंग केंद्र, शेतकरी उत्पादक कंपनी, पतसंस्था, सौर पंप बसवणारा एजन्सीवाला. त्यांच्याकडे एचआर विभाग नसतो, त्यामुळे गरज लिहून कुणी देणार नाही. ती आपणच बघून लिहायची.

‘ओळख करून देणे’ या शब्दावर थांबणं

अभ्यासक्रमात ‘कापसाच्या प्रतवारीची ओळख’ असं लिहिलं की काय शिकवायचं आणि काय तपासायचं, दोन्ही धूसर होतं. ओलावा मोजण्याचंच काम घ्या. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, हमीभाव खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण भाव, ८ ते १२ च्या दरम्यान प्रमाणात कपात, आणि १२ च्या वर खरेदीच नाही. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे मीटरवर एक टक्का इकडचा तिकडे झाला की शेतकऱ्याच्या हातचे क्विंटलमागे साधारण ८१ रुपये जातात, नाहीतर खरेदी करणाऱ्याचे.

एका जिनिंगवाल्यानं मला सांगितलं होतं, ‘‘सर, पोट्टे हुशार हायेत, पण गाडीच्या वरचाच कापूस काढून मीटर लावतात. आतून ओला रायते ना तो!’’ वरचा थर वाटेत उन्हानं सुकलेला असतो, मधला दाबलेला कापूस दव धरून असतो. म्हणून गाडीच्या वरून, मधून, तळातून आणि कडेनं नमुने घ्यायचे, कवडी (किडलेला, नीट न फुटलेला कापूस) वेगळी काढायची, दर वेळी मीटरमध्ये कापूस सारखाच दाबायचा, कारण सैल भरला की आकडा खाली येतो. मग सरासरी काढून कपात लिहायची. आता अध्ययन निष्पत्ती, म्हणजे कोर्सनंतर विद्यार्थ्याला काय करता येईल ते, अशी लिहिता येते: ‘आलेल्या गाडीतून ठरल्या जागांचे नमुने काढतो, ओलावा मोजतो, कपातीचा हिशेब पावतीवर लिहितो आणि शेतकऱ्याला समजावून सांगतो.’ शेवटचा भाग गाळू नका. काट्यावरची निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

परीक्षाही त्यातच आली. पंचवीस बहुपर्यायी प्रश्नांनी हे काम येतं की नाही ते कळत नाही. खरी गाडी, खरा मीटर, विद्यार्थ्याचा आकडा आणि जिनिंगच्या ग्रेडरचा (कापसाची प्रत ठरवणाऱ्याचा) आकडा शेजारी शेजारी. किती फरक चालेल ते आधी ठरवून कागदावर घ्या, आणि त्या ग्रेडरला परीक्षक म्हणून मानधन द्या. ज्याने स्वतः तपासलं, तो त्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवतो.

क्रेडिटचं गणित चुकवणं

क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात ३० तासांना १ क्रेडिट, वर्षाला १,२०० तास म्हणजे ४० क्रेडिट. यात वर्गासोबत सराव, घरचा अभ्यास, कामाच्या जागेवरचे तास आणि परीक्षाही धरतात. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेला २ क्रेडिट देणं म्हणजे ६० तास झाल्याचं लिहून देणं. ते मुलांवर अन्याय करतं, कारण पुढे त्याच कॉलेजचं खरं प्रमाणपत्रही संशयानं पाहिलं जातं. एका क्रेडिटचा कोर्स नीट करा, तेवढं पुष्कळ आहे.

हंगामाकडे पाठ करणं

कापूस जिनिंगमध्ये दिवाळीच्या आसपास येऊ लागतो आणि मार्चपर्यंत चालतो. भंडारा-गोंदियात धानाची आवक नोव्हेंबरपासून वाढते. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाची फेब्रुवारीपासून. आणि आपलं वेळापत्रक? नोव्हेंबर-डिसेंबरात हिवाळी परीक्षा, जुलैत कोर्स. जुलैत जिनिंगचं यंत्र बंद असतं. सिद्धांताचा भाग आधी उरका आणि प्रत्यक्ष काम जानेवारी-फेब्रुवारीत, ओजेटीच्या (कामाच्या जागेवरच्या प्रशिक्षणाच्या) तासांना जोडून ठेवा.

ऑक्टोबरात सोयाबीन काढणी चालू असते. त्या पंधरवड्यात वर्ग रिकामा राहिला तर मुलांना दोष देऊ नका. तो पंधरवडा वेळापत्रकातूनच वगळा.

आधीच कामावर असलेल्यांना विसरणं

कामाच्या जगाची गरज फक्त बी.ए., बी.कॉम.च्या मुलांमधून भागत नाही. पतसंस्थेतली कारकून, पॅकिंग केंद्रावरची मुकादम बाई, पंप दुरुस्त करणारा आयटीआयचा पोरगा यांना जे येतं त्याला आज कागद नाही. त्यांना सकाळी अकराचा वर्ग जमणार नाही. संध्याकाळचा वर्ग घ्यायचा तर गावाकडे जाणाऱ्या शेवटच्या एसटीची वेळ आधी बघा, मुलींसाठी तर आधी तीच. आणि जे काम त्यांना येतंच, त्याची थेट परीक्षा घ्या. बसवून पुन्हा शिकवू नका.

अडचण आली तर

*क्रेडिट खात्यात दिसत नाही.* विद्यार्थ्याचे क्रेडिट ज्या ऑनलाइन खात्यात जमा होतात, त्या शैक्षणिक क्रेडिट बँकेचे नियम २०२१ चे. संलग्न कॉलेज स्वतः क्रेडिट चढवत नाही, ते विद्यापीठाकडून जातं. म्हणून विद्यापीठाचं अभ्यास मंडळ आणि विद्या परिषद यांची मंजुरी प्रवेशाआधी हवी. मग आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव ताडा. वडिलांचं नाव मधे असणं-नसणं, लग्नानंतर बदललेलं आडनाव, यात बरीच प्रकरणं अडकतात. हे अर्ज भरतानाच सोडवा, निकालाच्या दिवशी नाही. क्रेडिट जास्तीत जास्त ७ वर्षं टिकतं, तेही सांगून ठेवा. दोन वर्षं मजुरीला जाऊन परत येणाऱ्या मुलासाठी ही माहिती मोलाची असते.

*मालक प्रमाणपत्र वाचतच नाही.* प्रमाणपत्रावर काय लिहिलंय ते बघा. युरोपीय संघाच्या परिषदेनं १६ जून २०२२ च्या शिफारशीत अशा प्रमाणपत्रावर काय असावं ते ठरवून दिलं: कुणी दिलं, कधी दिलं, काय येतं, किती तास, कुठला स्तर, परीक्षा कशी झाली, गुणवत्ता कशी तपासली. ही यादी आपल्यालाही जशीच्या तशी उपयोगी आहे. ‘यशस्वीरीत्या पूर्ण केले’ एवढ्यावरून जिनिंगच्या मालकाला काहीच कळत नाही. मजकूर मराठीत द्या, सोबत क्यूआर कोड.

*पहिली तुकडी भरली, दुसरी रिकामी.* पहिल्या तुकडीतल्या मुलांना फोन करा. काम मिळालं का, पगार वाढला का, निदान मालकानं कागद हातात घेतला का. उत्तरं नकारार्थी असतील तर जाहिरात वाढवून उपयोग नाही. हंगाम संपल्यावर एप्रिलमध्ये ग्रेडर आणि मालकांसोबत बसून निष्पत्ती बदला. दोन हंगाम कुणीच त्या कागदावर माणूस घेतला नाही, तर कोर्स बंद करण्याचा ठराव अभ्यास मंडळाकडे पाठवा आणि मोकळे झालेले तास सौर पंपाच्या दुरुस्तीसारख्या, तालुक्यात माणूस शोधावा लागतो अशा कामाला द्या.